मदत हवी आहे: आईचा एच पायलोरीचा कोर्स

नमस्कार मंडळी, आम्ही भांडुपला राहतो. आईला (वय 61) दोनेक महिने पोटात जळजळ, रात्री उपाशीपोटी दुखायचं, आम्ही आपलं अ‍ॅसिडिटी समजून पातळ औषध देत बसलो, शेवटी एंडोस्कोपी केली तर अल्सर निघाला आणि एच पायलोरी (पोटात अल्सर करणारे जंतू) पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही दोन अँटिबायोटिक्स आणि अ‍ॅसिड कमी करणारं पॅन्टोप्राझोल असं तिन्ही एकत्र दिलंय, सकाळ-संध्याकाळ, 14 दिवस. आज सहावा. तोंड सारखं कडू, पितळ चाटल्यासारखं लागतं म्हणते, कालपासून पोटही बिघडलंय, आणि आता एकच धरून बसलीये की दुखायचं थांबलंय ना मग बंद करूया. मला तीच भीती वाटते हो, अर्धवट सोडलं तर उरलेले जंतू औषधाला दाद देत नाहीत आणि मग बिस्मथवाला चार औषधांचा कोर्स करावा लागू शकतो. उद्या डॉक्टरांना फोन करतेच आहे, पण ज्यांनी हा कोर्स पूर्ण केलाय त्यांनी प्लीज सांगा, कडूपणावर काय केलंत? आणि संपल्यावर 4 आठवड्यांनी जंतू गेले का ते बघायला श्वासाची टेस्ट आहे, त्याआधी 2 आठवडे पॅन्टोप्राझोल बंद ठेवायचं, ती टेस्ट मुलुंड-घाटकोपरच्या बाजूला कुठे होते का? परळपर्यंत लोकलच्या गर्दीत तिला नेणं आत्ता जमणार नाही.