कर्नल लॉगमधली लाल ओळ पकडली, तरी मशीन गोठतंच आहे

निशाचर

मोबाईलवरून लिहितोय त्यामुळे लॉग जसाच्या तसा चिकटवता येत नाहीये, मराठी कीबोर्डवरच उतरवतो, सांभाळून घ्या. डेस्कटॉपला लिनक्स आहे, दोन डिस्क, सिस्टीम एसएसडीवर आणि फोटो, व्हिडिओ वगैरे जुन्या हार्डडिस्कवर. गेले आठ-दहा दिवस मधेच सगळं अडकतं, माउस हलतो पण फाइल मॅनेजरची खिडकी करडी पडते, कशावर क्लिक केलं तरी ढिम्म, आणि साधारण अर्ध्या मिनिटाने जणू काही झालंच नाही असं परत सुरळीत.

डीमेसेज (कर्नल म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा लॉग दाखवणारी कमांड) उघडलं तर अगदी वरच लाल अक्षरात एसीपीआय (बायोसकडून हार्डवेअर आणि विजेची माहिती घेण्याची व्यवस्था) एररच्या पाच-सहा ओळी. म्हटलं सापडला चोर. दोन रात्री त्यात घातल्या, कर्नल पॅरामीटर बदलून बघितले, बायोस अपडेट केलं, दोन ओळी कमी झाल्या पण अडकणं तसंच.

खूप खाली हे पण आहे: "एटीए३.०० एक्सेप्शन", पुढे बरेच आकडे, शेवटी "फ्रोझन". मग "फेल्ड कमांड: रीड एफपीडीएमए क्यूड", मग "टाइमआउट", मग "एटीए३: हार्ड रिसेटिंग लिंक". डिस्क असेल म्हणून एसडीएवर (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) स्मार्ट, म्हणजे डिस्कची स्वतःची तब्येत-तपासणी, चालवलं तर पास, सगळं ठणठणीत. आणि भुताटकी म्हणजे डीमेसेजला कॅपिटल टी लावून तारीख-वेळ बघितली तर पहाटे ३:४० दाखवतंय, तेव्हा मशीन सस्पेंडमध्ये होतं. झोपलेल्या मशीनला एरर कशी येईल?

जुनाखोड

भूत नाहीये, घड्याळ चुकतंय. डीमेसेजच्या ओळीच्या सुरुवातीला कंसातला आकडा म्हणजे बूट झाल्यापासूनचे सेकंद, आणि मशीन सस्पेंडमध्ये असताना हे मोजणं थांबतं. कॅपिटल टी त्याच आकड्यावरून तारीख-वेळ मागाहून हिशोब करून काढतं, त्यामुळे मधे मशीन झोपलं असेल तर ती वेळ तासंतास चुकू शकते, हे त्याच्या मॅन पेजमध्येच (कमांडच्या माहितीपानावर) लिहिलंय पण मॅन पेज वाचतो कोण. त्यापेक्षा जर्नलसीटीएल मायनस के (सिस्टीमच्या जर्नलमधला कर्नलचा भाग) बघ, तिथे जर्नलने ओळ हातात पडली तेव्हाची वेळ नोंदवलेली असते.

आता लाल रंगाचं. प्रत्येक ओळीला ० ते ७ अशी लेव्हल असते, ० म्हणजे सगळं कोसळलं आणि ७ म्हणजे डीबगची बडबड, ३ म्हणजे एरर. ही लेव्हल ठरवतो तो त्या ड्रायव्हरचा कोड लिहिणारा, त्याला ती गोष्ट किती गंभीर वाटली त्यावरून. तुझ्या त्रासाशी त्याचा काही संबंध असेलच असं नाही. एसीपीआयच्या त्या ओळी बऱ्याचदा बायोसमधल्या टेबलांच्या चुका असतात, कित्येक मशीनवर वर्षानुवर्षं दिसतात आणि काही बिघडत नाही. त्यांच्या कंसात आकडा किती आहे बघ, ०.४ वगैरे असणार. बूट होताना अर्ध्या सेकंदात जे झालं त्यामुळे नऊ तासांनी फाइल मॅनेजर अडकेल का? रंग बघू नकोस, आकडा बघ.

माझी पद्धत साधी आहे, जर्नलसीटीएल मायनस के मायनस एफ (नवीन ओळ पडली की लगेच दिसते) लावून एका टर्मिनलमध्ये उघडं ठेवायचं आणि अडकण्याची वाट बघायची. तेव्हा पहिली जी नवीन ओळ पडते ती महत्त्वाची, त्याखालची पन्नास ओळींची रडारड बहुतेक तिचीच पिलावळ.

टर्मिनलवाला

फ्रोझन शब्द दिसला की डिस्क गेली समजायचं. मी तरी वेळ घालवत नाही, सरळ नवीन डिस्क लावतो.

वायरमन

टर्मिनलवाला, थांबा की राव. फ्रोझन म्हणजे डिस्क गोठली असं नाहीये ते. कर्नलने तो पोर्ट स्वतःच थांबवून ठेवला, गोंधळ निस्तरेपर्यंत नवीन कमांड पाठवायची नाही म्हणून, एवढाच त्याचा अर्थ. डिस्क मेलेली असेल तरी येतो आणि केबल सैल असेल तरी येतो.

निशाचर, तुमच्या प्रश्नात सगळ्यात कामाची गोष्ट तुम्हीच सांगितलीय, अर्धा मिनिट. डिस्कला दिलेल्या कमांडचं उत्तर यायची कर्नल किती वाट बघतो ते सिस फाइल सिस्टीममध्ये ब्लॉक, मग डिस्कचं नाव, मग डिव्हाइस, त्याखाली टाइमआउट नावाच्या फाइलमध्ये असतं, कॅट करून बघा, ३० येईल. म्हणजे तुम्ही फोटोचं फोल्डर उघडलं, कमांड गेली, उत्तर आलं नाही, कर्नल ३० सेकंद गप्प बसला आणि मग लॉगमध्ये लिहिलं. यात एक गंमत लक्षात घ्या, ती ओळ अडकण्याच्या शेवटी पडते, सुरुवातीला नाही. त्यामुळे जुनाखोड म्हणतात तसं पहिली ओळ पकडा पण त्याच्या अर्धा मिनिट आधी तुम्ही काय करत होतात ते आठवा.

दुसरं, तुम्ही बहुतेक चुकीची डिस्क तपासलीय. एटीए३ म्हणजे कंट्रोलरचं पोर्ट, एसडीए-एसडीबी ही नावं वेगळी वाटली जातात, दोन्हींचा क्रम जुळेलच असं नाही. सिस ब्लॉकमध्ये एलएस मायनस एल करा, प्रत्येक डिस्कच्या लिंकच्या लांबलचक पाथमध्ये एटीए१ का एटीए३ ते लिहिलेलं सापडेल.

मग फेल्ड कमांडच्या वर-खाली महिरपी कंसात काय आहे ते वाचा, खरा निवाडा तिथे होतो. यूएनसी असेल तर डिस्कला स्वतःच्या प्लॅटरवरचा डेटा वाचता येत नाहीये, मग टर्मिनलवाला बरोबर आणि तुम्ही आजच नवीन डिस्क घ्या. आयसीआरसी किंवा एस एररच्या ओळीत बॅड सीआरसी (डेटाची पडताळणी चुकली) असेल तर डेटा वाटेत बिघडतोय, म्हणजे केबल, कनेक्टर, क्वचित पोर्ट. स्मार्टमध्ये पण हेच दिसतं, ५ आणि १९७ नंबरचे ॲट्रिब्यूट खराब सेक्टरचे (डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांचे) आहेत आणि १९९ सीआरसीचा. नुसतं "पास" बघून समाधान मानू नका, ते पास फार उदार असतं.

हे सगळं करायच्या आधी फोटोंची कॉपी काढून घ्या. आणि माउंट असलेल्या (म्हणजे वापरात असलेल्या) पार्टिशनवर कोणी एफएससीके (फाइल सिस्टीम दुरुस्त करणारी कमांड) चालवायला सांगितलं तर ऐकू नका.

जुनाखोड

वायरमनचं ते ३० सेकंदांचं मला पण कधी सुचलं नव्हतं. बाकी पहिल्या ओळीबद्दल एक अपवाद सांगून ठेवतो, मेमरी संपल्यावर "आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस" येतं तेव्हा मारलेल्या प्रोसेसचं नाव वाचून लोक तिलाच शिव्या घालतात. ती बळी असते, गुन्हेगार नव्हे, म्हणजे असेलच असं नाही. लॉगमध्ये त्या ओळीच्या वरच्या तक्त्यात कोणी किती मेमरी धरली होती ते बघायचं.

निशाचर

उशीर झाला, पण करून बघितलं सगळं. एटीए३ म्हणजे एसडीबी निघाली, जुनी हार्डडिस्क. म्हणजे मी आठवडाभर एसएसडीची नाडी बघत होतो. टाइमआउटच्या फाइलमध्ये ३० च आहे!! महिरपी कंसात बॅड सीआरसी आहे, यूएनसी एकदाही नाही. स्मार्टमध्ये ५ शून्य, १९७ शून्य, १९९ ला ४१८.

आणि एक ओळ मी आधी वाचलीच नव्हती, "लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू ३.० जीबीपीएस". बूट होताना ६.० होता.

कॅबिनेट उघडलं तर त्या डिस्कची केबल बाजूच्या पत्र्याला दाबून काटकोनात मोडलेली, मीच मागच्या महिन्यात पंखा साफ करताना पत्रा घुसवला होता. केबल बदलली. चार दिवस झाले, एकदाही अडकलं नाही, लिंक ६.० वर टिकून आहे. एसीपीआयच्या लाल ओळी अजून आहेत, मी बघत नाही तिकडे. दोन शंका. १९९ चा आकडा अजून ४१८ च दिसतोय, तो शून्य कसा करायचा? आणि आधीच्या बूटचा लॉग बघायला जर्नलसीटीएलला मायनस बी मायनस १ दिलं तर काहीच मिळत नाही.

वायरमन

तो शून्य होत नाही, डिस्कच्या आयुष्यभराचा हिशोब आहे तो. ४१८ कुठेतरी लिहून ठेवा, पुढच्या महिन्यात परत बघा. ४१९ झाला तर पोर्ट बदलून बघायचं.

लॉगचं म्हणाल तर तुमच्याकडे व्हारमधल्या लॉगखाली जर्नल नावाचं फोल्डर नसणार, त्यामुळे जर्नल फक्त मेमरीत राहतं आणि रीबूट झालं की गेलं. फोल्डर बनवा, एकदा रीस्टार्ट करा, तिथून पुढचे बूट साठत जातील. आधीचे गेले ते गेले.

टर्मिनलवाला

केबलच होती तर. माझ्याकडे कपाटात अशा "गेलेल्या" तीन डिस्क पडल्यात, आता त्यांचा १९९ बघावा लागणार.