हॅलोवीनचा खाऊ: भयानकपणा आकारातून आणावा की रंगातून?

बाजरीचं_पीठ
३१ ऑक्टोबरचा हॅलोवीन, म्हणजे भुताखेतांच्या सोंगांचा सण, जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या घरांतही मुलांच्या पार्टीसाठी काळ्या-लाल खाद्यरंगाच्या बाटल्या आणल्या जातात. माझं मत: बाटली उघडूच नका, आकार पुरेसा भयानक असतो.

चेटकिणीची बोटं घ्या. २२५ ग्रॅम मऊ बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर, १ अंडं, ३३० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर घालू नका, बोटं फुगतात आणि पेरांच्या रेघा बुजतात. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बोट लहान मुलाच्या करंगळीएवढंच बारीक वळा, कारण ओव्हनमध्ये ते पसरतं. दोन ठिकाणी चिमटा घेऊन पेरं काढा, सुरीने तीन-तीन रेघा ओढा, पुन्हा १५ मिनिटं गार करा आणि १६० अंश सेल्सिअसला २०-२५ मिनिटं भाजा. नखाला बदाम नको. सोललेली भोपळ्याची बी लावा: हिरवट, टोकदार, आणि बदाम-अक्रोडाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलालाही चालते. फक्त बियांच्या पाकिटावरची सूचना वाचून घ्या.

काळीमिरी
बोटांपुरतं पटलं. पण वटवाघळाचा केक तपकिरी असून कसा चालेल? बीटचा रस घातला तर भाजताना लाल रंग उडतो. काळ्या रंगासाठी सक्रिय कोळसा तर मी मुलांना देणारच नाही, तो पोटात औषधं शोषून घेतो. मग जेल रंगच (घट्टसर खाद्यरंग) उरतो, आणि तो कमी वापरायची रीत आहे. आयसिंग पांढऱ्यापासून काळं करायला जाल तर अर्धी बाटली संपते आणि चव कडू होते. आधी गडद कोकोचं आयसिंग करा, मग थोडासाच काळा जेल घाला आणि रात्रभर झाकून ठेवा. रंग आपोआप गडद होतो. पांढऱ्या चॉकलेटला मात्र तेलात विरघळणाराच रंग हवा. पाण्याचा रंग पडला की चॉकलेटच्या गुठळ्या होतात.

बाजरीचं_पीठ
कमी वापरला तरी प्रश्न राहतोच. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध नियामक संस्थेने) जानेवारी २०२५ मध्ये रेड ३ या कृत्रिम लाल रंगाची परवानगी काढून घेतली, हे विसरू नका.

प्रयोगवही
ते अर्धंच सांगितलंत. तो निर्णय उंदरांमधल्या कर्करोगावरून, कायद्यातल्या एका कलमामुळे घ्यावा लागला. ती प्रक्रिया माणसात तशी घडत नाही, असं एफडीएनेच नोंदवलं आहे. शिवाय बहुतेक लाल जेलमध्ये रेड ४० असतो.

बाजरीचं_पीठ
दुरुस्ती मान्य. पण रेड ४० म्हणजेच अल्युरा रेड, आणि युरोपीय संघात २०१० पासून तो धरून सहा रंगांच्या पदार्थांवर ‘मुलांच्या चंचलपणावर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. ज्याच्यावाचून चालतं, ते मुलांच्या ताटात कशाला?

सोऱ्या_आणि_साचा
लाल रंग शिजवायचाच कशाला? कोकणातल्या शिरवळ्या करा. तांदळाची उकड मळून मुटके उकळत्या पाण्यात सोडा, वर तरंगले की काढून लगेच सोऱ्यातून दाबा. मुटका गार झाला की घट्ट होतो, सोऱ्या फिरत नाही आणि शेव तुटते. वाटीत गोलाकार पाडून वाटी उपडी केली की हुबेहूब मेंदू दिसतो. गूळ घातलेल्या नारळाच्या दुधाच्या रसात दोन चमचे कच्च्या बीटचा गाळलेला रस अगदी शेवटी, गार असताना घाला. उष्णता लागत नाही, म्हणून लाल लालच राहतो. पिवळसर गूळ घ्या, काळपट गुळाने रस मातकट दिसतो.

काळीमिरी
हे करून बघण्यासारखं आहे. सरबताला मात्र ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) हवाच. मोठ्या भांड्यात गरम पाणी आणि ड्राय आइस, त्यात सरबताचं दुसरं भांडं. धूर बाहेरून येतो, पेयात काहीच पडत नाही.

प्रयोगवही
मुलांच्या पार्टीत अजिबात नको. तो उणे ७८.५ अंशांचा असतो, तुकडा हाताने उचलला तरी त्वचा भाजते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, म्हणजे बंद खोलीत तो मुलांच्या उंचीलाच साठतो. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामला एका हॉटेलात मुखशुद्धी म्हणून ड्राय आइस दिला गेला आणि मोठ्या माणसांना रक्ताच्या उलट्या झाल्या. मोठ्यांनी न ओळखलेला पदार्थ चार वर्षांचं मूल ओळखेल?

त्याऐवजी बर्फाचा हात करा. पावडर नसलेला, लेटेक्स नसलेला, अन्नासाठी चालणारा हातमोजा आतून धुऊन घ्या. पाणी भरताना वर तीन बोटं जागा सोडा, नाहीतर गाठ सुटते. आडवा ठेवून रात्रभर गोठवा. काढताना हातमोजा ओढू नका, बोटं तिथेच मोडतात. कोमट पाण्यात क्षणभर धरून कात्रीने कापा.

सोऱ्या_आणि_साचा
एक राहिलंच: द्राक्षांचे डोळे. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत घट्ट बसतं. पाच वर्षांखालच्यांना उभे चार तुकडे करूनच द्या. लिचीत ब्लूबेरी बसवलेला डोळाही तसाच निसरडा, तोही नको.

काळीमिरी
चार तुकडे केल्यावर डोळा उरतच नाही. मग अगर-अगर (चायना ग्रास) घ्या: २५० मिली पातळ दुधाला एक सपाट चमचा पूड, दोन मिनिटं उकळा, पसरट साच्यात ओता. फ्रीजशिवायही जमतं. थोडं घट्ट होऊ लागलं की मध्ये ब्लूबेरीची पातळ चकती ठेवा. पूर्ण पातळ असताना ठेवली तर ती तरंगत कडेला जाते. लहानांना देताना हाही कापूनच द्या.