पोरांनी तुम्हाला सांगितलं कसं? (निनावी ॲप्स, अनुभव धागा)

पडवीतली

शिमग्यापासून डोक्यात घोळतंय ते आज लिहायला घेतलं. आमची लेक नववीत. पालखी घरी यायच्या आदल्या दिवशी ही खोलीतून बाहेरच येईना, मला वाटलं पोट दुखत असेल, ओव्याचं पाणी दिलं. नंतर कळलं की तिने इन्स्टाच्या स्टोरीला ती लिंक टाकली होती, 'मला निनावी मेसेज पाठवा' वाली, आणि कोणीतरी तिच्या दातांवरून, चालण्यावरून आणि शेवटी आमच्या घरावरून लिहिलं होतं. घरावरून म्हणजे पडवीवर अजून निळं प्लास्टिकच आहे, कौलं कधी घालणार, इथपर्यंत! म्हणजे लिहिणारं येऊन जाऊन असलेलंच कोणीतरी.

मला नाही सांगितलं तिने. मुंबईच्या आत्येला फोनवर सांगितलं. मला का नाही, तर "तू फोन काढून घेतला असतास." खरंय, घेतला असता.

म्हणून हा धागा. सेटिंगं वगैरे लिहाच, पण मुख्य म्हणजे तुमच्या घरी हे बाहेर कसं आलं ते लिहा. गावाचं, शाळेचं नाव नको.

एसटीस्टँड

फोनच देऊ नका. विषय संपला.

पडवीतली

शाळेचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो हो. आणि शेवटची गाडी चुकली तर पोरीने कळवायचं कशावरून, शंख फुंकून?

खाडीपलीकडचा

आमचा मुलगा सोळाचा. आंब्याच्या पेट्यांचे पैसे ऑनलाइन येतात आणि मला ते जमत नाही म्हणून सगळा हिशोब त्याच्याच हातात. हंगामात दोनदा दोन दोन हजार कमी आले, गिऱ्हाइकाशी मीच भांडलो, तो म्हणाला स्क्रीनशॉट पाठवतो बघा. तेव्हा घरी येऊन विचारलं तर पोरगा रडायलाच लागला.

"बाबा, माझो व्हिडिओ तेंच्याकडे आसा."
"कोणाकडे?"
"माका म्हायत नाय."

अनोळखी माणसांशी गप्पा मारायचं कुठलंतरी ॲप. समोर मुलगी आहे असं वाटलं, मग व्हिडिओ कॉल, तो रेकॉर्ड केला आणि पैसे दे नाहीतर सगळ्या गावाला पाठवतो. पयली मी त्याला एक कानाखाली दिली. ती नको होती द्यायला, अजून आठवते.

मग भाच्याने सांगितलं तसं केलं. पुढे एक रुपया द्यायचा नाही, कारण दिला की मागणी वाढतेच. चॅट डिलीट करायचं नाही, सगळ्याचे स्क्रीनशॉट, आयडी, पैसे गेले तो नंबर जपून ठेवायचा. पैसे गेलेत म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. तिथे महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींना नाव न देताही तक्रार करता येते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. व्हिडिओ कोणाला आला नाही. पैसे गेले ते गेले.

जालकरी

@खाडीपलीकडचा, अशा वेळी 'टेक इट डाऊन' म्हणून अमेरिकेतल्या संस्थेची फुकट सोय आहे, १८ च्या आत काढलेल्या फोटो-व्हिडिओंसाठी. फोटो कुठे पाठवावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक आकडी ठसा बनतो, फक्त तो जातो आणि सामील झालेल्या साइट्स त्यावरून फोटो शोधून हटवतात. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये मात्र चालत नाही.

@पडवीतली, तुमच्या लिंकबद्दल एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०२४ मध्ये एनजीएल या अशाच निनावी मेसेजच्या ॲपवर कारवाई केली. कंपनीच खोटे मेसेज तयार करून माणसाने पाठवल्यासारखे दाखवते आणि मग 'कोणी पाठवलं' त्याची हिंट विकते, असा आरोप होता. तडजोडीत ५० लाख डॉलर आणि १८ खालच्यांना ॲप द्यायला बंदी. तुमच्याकडे कौलांचा उल्लेख आहे म्हणजे ते माणसाचंच, पण सगळंच माणसाचं नसतं एवढं मुलांना सांगा.

गूगलचं फॅमिली लिंक (पालकांनी मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं ॲप) लावून ॲप टाकणं अडवता येतं. निनावी मेसेज पाठवणाऱ्याला मात्र ॲप लागतच नाही, ती लिंक ब्राउझरमध्ये उघडते. ॲपं बंदही पडतात, अनोळखी माणसांशी गप्पांचं ओमेगल नोव्हेंबर २०२३ ला बंद झालं, पोरं दुसरीकडे गेली.

बाईंची शाळा

मी माध्यमिकला शिकवते. आमच्याकडे एका मुलीला असेच घाणेरडे मेसेज येत होते, ती स्क्रीनशॉट सगळ्यांना दाखवायची, आम्ही वर्गात ओरडलो, दोन मुलांना तर विनाकारण उभं केलं. शेवटी तिच्या वहीत मागच्या पानावर तीच वाक्यं आधी लिहिलेली सापडली. तीच स्वतःला पाठवत होती. आई-बाबांचं घरात चाललेलं होतं आणि कोणीतरी विचारावं म्हणून. मला हे असं असतं हेच माहीत नव्हतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्या आईला दिला, त्यांनी फोन केला. त्या दोन मुलांची मी माफी मागितली, एकाने अजून नीट बघितलं नाही माझ्याकडे.

काठावरची

वाखु (वाचनखूण) साठवली.

वेंगुर्ल्याची

लिहू की नको करत होते. माझा मुलगा लिहिणारा होता.

गेल्या गणपतीत. वाडीतल्याच एका मुलीला त्याने आणि मित्राने निनावी लिहिलं, नाव दिसत नाही ना मग काय. पकडला कसा, तर तिला 'पापलेट' लिहिलं, आणि हे नाव ट्यूशनच्या रिक्षेतल्या सहा पोरांनाच माहीत. तिच्या बापाने सरळ घरी येऊन मला फोन दाखवला, आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. त्या रात्री आरती त्यांच्याकडे होती. मी त्याला घेऊन गेले, तो झांजा वाजवत खाली बघत होता. आरती झाल्यावर मागच्या दारी तिच्यासमोर बोलला काहीतरी, मी मुद्दाम ऐकलं नाही. तिच्या आईने प्रसादाच्या दोन वाट्या दिल्या, नेहमी एक देते. का ते मला आजपर्यंत कळलं नाही.

दापोलीची आजी

मला टायपिंग नात करून देते आहे. नातू माझ्याकडेच असतो, लेक जहाजावर, सून ठाण्याला नोकरीला. मला ॲप वगैरे काही कळत नाही. पण मे महिन्यात रातांबे फोडायला बसलो की पोरं बोलतात. हात लाल, मान खाली, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. त्याने तिथेच सांगितलं की कोणीतरी त्याचे कपडे काढलेले फोटो मागतंय. मी म्हटलं, बरं, आणि सालं पिशवीत भर. थोड्या वेळाने विचारलं, दिलेस का? नाही म्हणाला. मग ब्लॉक कसं करतात ते त्यानेच मला शिकवलं.

पडवीतली

आजी __/\__

काल लेकीला हे सगळं वाचून दाखवलं. लिंक तिने आधीच काढलीय, इन्स्टा ठेवलंय. पापलेटवर हसली आणि मग एकदम गप्प झाली. तिचे मेसेज कोणाचे ते तिला माहितीये म्हणे. मी फोन घेतला नाही, तरी नाव सांगत नाहीये. पडवीची कौलं मात्र घातली एप्रिलात.