मदत हवी आहे: जुन्या ड्रॉइंगच्या झेरॉक्स कशा रोखाव्यात?

नमस्कार. कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापन मानकाच्या कलम ७.५.३ ला (कागदपत्रांवरील नियंत्रण) धरून मास्टर लिस्ट (चालू आवृत्त्यांची यादी) आणि वितरण नोंदवही मी रोजच्या रोज भरते. तरीही गेल्या आठवड्यात एका लेथवर तेलाने माखलेले रिव्हिजन २ चे (जुन्या आवृत्तीचे) ड्रॉइंग सापडले आणि रिव्हिजन ३ मध्ये बोअरचे (आतील भोकाचे) माप बदललेले असल्यामुळे ४० नग बाद झाले. त्यावरचा ‘कंट्रोल्ड कॉपी’चा (नोंदीतील अधिकृत प्रतीचा) शिक्का लाल नसून काळा होता, म्हणजे ती झेरॉक्स होती. ऑपरेटरला दोष देणे मला पटत नाही, कारण हाती आलेल्या कागदाप्रमाणेच त्याने काम केले. मूळ प्रती परत घेतल्याच्या सह्या माझ्याकडे आहेत, परंतु नोंदीतच नसलेली प्रत शोधायची कशी? आपल्यापैकी कोणी रंगीत कागद, छापील मुदत किंवा शिफ्टनिहाय तपासणी यांपैकी काही राबविले असल्यास कृपया सविस्तर सांगावे.