शब्दचर्चा: ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमला ‘मुलामा’ म्हणावं का?

चिकलठाण्याहून, प्रश्न:
इथल्या एका कारखान्याच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. फ्रीज, मिक्सर, मोटारसायकल यांच्यावर बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या शोभेच्या पट्ट्या आणि कंपनीच्या नावाच्या पट्ट्या ते बनवतात. ‘ॲनोडाइज्ड’ला मी ‘मुलामा दिलेली’, ‘ब्रश्ड’ला ‘घासलेली’ आणि ‘ट्रिम’ला ‘किनारपट्टी’ लिहिलं आहे. तिन्ही शब्द वाचताना अडखळायला होतं. शिवाय ‘फिनिश’ला काय म्हणावं? शब्दकोशातले ‘परिष्करण’ वगैरे शब्द दुकानदाराला कळणार नाहीत.

वाळूजहून:
ताई, बाकीचं नंतर, आधी ‘मुलामा’ काढा. त्यानं अर्थच चुकायलाय. मुलामा म्हणजे एका धातूवर दुसरा चढवणं. ॲनोडायझिंगमध्ये वरून दुसरा धातू चढतच नाही. पट्टी जिगला (माल धरून ठेवणाऱ्या चौकटीला) बांधून पातळ सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत सोडायची आणि डीसी करंटचं प्लसचं टोक पट्टीला द्यायचं. करंट सुरू झाला की ॲल्युमिनियमचाच वरचा भाग ऑक्साइड होत जातो. थर पट्टीच्या अंगातून तयार होतो, काही आत आणि काही बाहेर. घरातल्या वस्तूंच्या शोभेच्या पट्ट्यांना ५ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर चालतो, उन्हापावसातल्या कामाला २० ते २५ लागतो.

या थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. पट्टी रंगाच्या टाकीत बुडवली की रंग त्यांत उतरतो. मग उकळत्या पाण्यात सीलिंग केलं की छिद्रं मिटतात आणि रंग आत राहतो. म्हणून असा रंग पापुद्रा होऊन सुटत नाही. पावडर कोटिंगचं वेगळं. ते वरून मारलेलं असतं, ६०-८० मायक्रॉन जाड, भट्टीत पक्कं केलेलं. त्याला ‘लेप’ म्हटलंत तर माझी हरकत नाही.

कारखान्यात आम्ही ‘ॲनोडाइज केलेला माल’ एवढंच म्हणतो, तेच लिहा.

लातूरहून:
वाळूजच्या दादांशी सहमत. ‘मुलामा’, ‘झिलई’, ‘कल्हई’ हे तिन्ही शब्द अरबीतून आले, पण मराठीत प्रत्येकानं आपलं काम वाटून घेतलं आहे. कल्हई कथलाची, भांड्याच्या आतल्या बाजूला. मुलामा मौल्यवान धातूचा, आणि त्यात ‘आत काही वेगळंच आहे’ ही छटा आहे. मालाच्या माहितीपत्रकात ती मुळीच नको. धातूच्या कामात झिलई म्हणजे घासून, उजळून आणलेली चकाकी, त्यात वरून काही चढवणं नाही. बफिंग करून (फिरत्या कापडी चाकावर घासून) आरशासारख्या केलेल्या पट्टीला ‘झिलईदार’ म्हणा. हा शब्द अजून जिवंत आहे आणि इथे तो तंतोतंत बसतो.

आपल्या भागातलं एक उदाहरण बिदरी कामाचं. बिदर आणि मराठवाडा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे ही कला आपल्याला परकी नाही. जस्तात थोडं तांबं मिसळून वस्तू ओततात, तिच्यात नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्याची प्रक्रिया देतात. जस्ताचा भाग काळाभोर होतो, चांदी तशीच पांढरी राहते. तो काळा रंग लावलेला नसतो, धातूच पालटलेला असतो. त्या अर्थानं ॲनोडायझिंगचा नातेवाईक मुलामा नाही, बिदरी आहे. माहितीपत्रकात ‘रंग चढवलेली’ ऐवजी ‘रंग मुरवलेली’ लिहिलं तर हा फरक शब्दातच येईल.

जालन्याहून:
‘घासलेली’ नको. गिऱ्हाइकाला वाटेल माल जुना आहे. त्या फिनिशला बाजारात सर्रास ‘हेअरलाइन’ म्हणतात. सँडिंगचा पट्टा एकाच दिशेनं फिरवून बारीक समांतर रेघा काढतात, ॲनोडायझिंग त्यानंतर. मराठीच हवं असेल तर ‘बारीक रेघांची’. आणि रेघांची दिशा पत्रकात जरूर लिहा, आडवी की उभी. शेजारी बसणाऱ्या दोन तुकड्यांवर रेघा वेगवेगळ्या दिशेनं गेल्या तर एकाच टाकीतला माल असूनही उजेडात एक फिका, एक गडद दिसतो. मग रंगात फरक आहे म्हणून माल परत येतो.

‘किनारपट्टी’ म्हटलं की कोकण डोळ्यांपुढे येतं. पैठणीला काठ असतो, तसं ‘काठपट्टी’ करा, नाहीतर ‘शोभेची पट्टी’. गाडीवरच्या कंपनीच्या चिन्हाला ‘मोनो’च म्हणतात. ‘बिल्ला’ छातीवर लावायचा.

चिकलठाण्याहून:
सगळ्यांचे आभार. ‘ॲनोडाइज केलेली, रंग मुरवलेली काठपट्टी’, ‘झिलईदार’, ‘बारीक रेघांची (हेअरलाइन)’ असं ठरवते. फुगवलेल्या अक्षरांना ‘उठावाची’ आणि आत दाबलेल्यांना ‘खोलगट’ लिहिते. ‘फिनिश’साठी ‘सफाई’ मनात होतं, कारण कारागीर ‘कामाला सफाई आहे’ म्हणतात. पण तक्त्याच्या मथळ्यात ते धुण्यापुसण्याचं वाटेल, म्हणून तिथे ‘फिनिश’च ठेवते. एकच अडलं आहे: ‘डायमंड कट’. ‘हिरेकाप’ लिहू का?

वाळूजहून:
हिरेकाप नको, हिरे जडवलेत असं वाटेल. काळं ॲनोडाइज झाल्यावर उठावाच्या अक्षरांचा माथा हिऱ्याच्या टूलनं छिलतात, तेवढाच भाग लखलखीत उघडा पडतो. ‘डायमंड कट (अक्षरांचा माथा छिलून उजळलेला)’ असं लिहा. आणि कारखान्याला एक विचारून घ्या: छिललेल्या भागावर लॅकर (पारदर्शक वार्निश) मारतात, की पुन्हा बिनरंगाचं ॲनोडाइज करतात? तिथला थर निघून गेलेला असतो, नुसता ठेवला तर काही दिवसांत चकाकी जाऊन डाग पडतात. जे करत असतील ते त्याच ओळीत यायला पाहिजे, दुकानदार तेच विचारणार आहे.