मदत हवी आहे: टीव्हीला आवाज येतो, चित्र येत नाही

मुग्धा_देवरुख
काल रात्रीपासून टीव्हीचं चित्र गेलंय. आवाज व्यवस्थित आहे. बंद-चालू करून झालं, वायरी काढून परत लावून झाल्या. दुकानात फोन केला तर टीव्ही न बघताच म्हणाले, "पॅनल गेलं, नवीन घ्या." सासूबाईंच्या पायाचं हाड मोडलंय, त्या पडून असतात आणि त्यांचा सगळा दिवस टीव्हीवर जातो. प्लीज लवकर सांगा, पॅनलच, म्हणजे स्क्रीनची काचच गेली असेल का?

चिनार
किती इंची? किती वर्षं जुना? सेट टॉप बॉक्स आहे की थेट वायफायवर चालतो? आणि वायरी म्हणजे नेमक्या कुठल्या? एवढ्या माहितीवर कोणी काय सांगणार?

बापू_सांगली
पॅनल वगैरे काही नाही. बॉक्सपासून टीव्हीला येणारी वायर बघा. लाल, पांढरी, पिवळी अशा तीन पिना असतील तर पिवळी चित्राची असते. ती सैल झाली की आवाज येतो आणि चित्र जातं. आमच्याकडे हेच झालं होतं. मेकॅनिक यायच्या आत मी पिन दाबली आणि टीव्ही सुरू.

चिनार
बापू, हल्ली बहुतेकांकडे एचडीएमआय असते. त्यात चित्र आणि आवाज एकाच केबलमधून येतात. केबल गेली तर स्क्रीनवर 'नो सिग्नल' तरी दिसेल.

बापू_सांगली
बहुतेकांकडे म्हणजे सगळ्यांकडे नव्हे. गावाकडे अजून तीन पिनांचेच बॉक्स आहेत. आधी ताईंना सांगू दे.

मुग्धा_देवरुख
४३ इंची, एलईडी, २०१९ च्या दिवाळीत घेतलेला. वॉरंटी कधीच संपली. बॉक्स एचडीएमआयवर आहे. 'नो सिग्नल' नाही, काहीच नाही, पूर्ण काळं. आठवडाभर असं होत होतं की चालू केल्यावर चित्र यायचं आणि दोन सेकंदांत जायचं. चार-पाच वेळा बंद-चालू केलं की टिकायचं.

सोल्डर
ताई, ही दोन सेकंदांची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. आता रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. टीव्हीचा स्वतःचा मेनूही दिसत नसेल तर बॉक्स आणि केबल दोन्ही ठीक आहेत, दोष टीव्हीत आहे.

मग रात्री खोलीतले दिवे घालवा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलची बॅटरी (टॉर्च) स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरकी धरा. नीट निरखून बघा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनल चांगलं आहे, मागचा उजेड (बॅकलाइट) गेलाय.

एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच. काचेवर चित्र तयार होतं, पण तिला स्वतःचा उजेड नसतो. तो मागच्या एलईडीच्या पट्ट्या देतात. पट्टीतले एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक जरी तुटला तरी अख्खी ओळ विझते. सर्किटला गडबड कळली की ते उरलेला उजेडही बंद करतं. म्हणून चित्र दिसून लगेच जातं.

इन्व्हर्टरवाला_कणकवली
ह्याचं मूळ कारण व्होल्टेज. कोकणात पावसाळ्यात लाईट कशी येते-जाते सगळ्यांना माहीत आहे. आधी चांगला स्टॅबिलायझर लावा, नाहीतर दुरुस्त करूनही परत जाईल.

सोल्डर
आताचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागे लेबलवर लिहिलेलं असतं. पट्ट्या जातात त्या उष्णतेनं, सेटिंगमध्ये बॅकलाइट वर्षानुवर्षं पूर्ण १०० वर ठेवल्यामुळे. आणि वीज पडली तर स्टॅबिलायझर वाचवेलच असं नाही. गडगडायला लागलं की प्लग काढा आणि डिशच्या छत्रीची वायरसुद्धा काढा, ती बाहेरूनच आत येते.

इन्व्हर्टरवाला_कणकवली
लेबलवर काही का लिहिलेलं असेना, मी रोज जळालेले बोर्ड बघतो.

सोल्डर
जळालेला बोर्ड असता तर बहुतेक आवाजही आला नसता. इथे आवाज येतोय.

सुहास_ठाणे
सहा वर्षं जुन्या टीव्हीवर कशाला पैसे घालता? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. हीच वेळ आहे नवीन घ्यायची.

अनघा_पी
सुहासदादा, त्यांनी नवीन कुठला घेऊ असं विचारलेलंच नाही. घरात आजारी माणूस आहे, खर्च आधीच चालू आहे.

मालवणी_मास्तर
दर महिन्याचा रिचार्ज वाचवायचा असेल तर डीडी फ्री डिश बसवा. छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यायचा, महिन्याला एक पैसा नाही. छत्री जीसॅट-१५ कडे, ९३.५ अंश पूर्वेवर लावावी लागते. मराठी वाहिन्या मोजक्याच आहेत, पण ज्येष्ठांना बातम्या आणि सह्याद्री पुरतं.

चिनार
मास्तर, टीव्हीच काळा आहे. छत्री कुठलीही लावली तरी दिसणार काय?

मुग्धा_देवरुख
सोल्डर दादा, दिसलं!! मेनू नव्हता दिसत, पण बॅटरी तिरकी धरल्यावर बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ आणि खाली सरकणारी पट्टी दिसली. उजेड पडेल तेवढ्याच गोलात, पण अक्षरं वाचता येत होती. सासूबाईंना बोलावून दाखवता येईना, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला. म्हणजे पॅनल चांगलं आहे ना?

सोल्डर
चांगलं आहे. आता मेकॅनिकला "चित्र येत नाही" असं सांगू नका, "बॅकलाइट गेलाय, बॅटरी मारून बघितलंय" असं सांगा. बोलण्याची पद्धतच बदलेल. एकच पट्टी नको, पूर्ण संच बदलून घ्या. एक नवीन आणि बाकी जुन्या ठेवल्या तर पुढची लवकरच जाईल. क्वचित पट्ट्या नीट असतात आणि त्यांना वीज देणारा भाग गेलेला असतो, तेव्हा आधी मीटर लावून बघायला सांगा.

तेजस_डीआयवाय
संच ऑनलाइन मिळतो, व्हिडिओ बघून घरीच होतं. मी ३२ इंची केलाय. उगाच मजुरी कशाला?

सोल्डर
तेजस, ४३ इंचीची काच एकट्यानं उचलायची नसते, वाकली की गेली. कडेच्या पातळ रिबन केबलला ताण बसला तर उभ्या रेषा येतात, आणि मग खरंच पॅनल जातं. शिवाय पॉवर सप्लायच्या, वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो, प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहू शकतो. कळकळीनं सांगतो, ताईंना हे करायला सांगू नका.

तेजस_डीआयवाय
मी काळजी घेऊनच केलं होतं. पण ४३ ला दोन माणसं लागतात, हे मान्य.

मुग्धा_देवरुख
अपडेट देते. साखरप्याचे एक दादा घरी येऊन टीव्ही घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणून लावला. चारही पट्ट्या बदलल्या, मजुरीसह २२०० घेतले. जुन्या पट्ट्या मागून घेतल्या. दोन एलईडींच्या मध्यावर काळा ठिपका आहे आणि भोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडलंय. बॅकलाइट आता ५० वर ठेवलाय, दिवसाही पुरतो. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, विशेष करून सोल्डर दादांचे. दुकानाचं ऐकलं असतं तर चांगला टीव्ही भंगारात गेला असता.

बापू_सांगली
छान झालं ताई. सासूबाईंना लवकर बरं वाटो.

वैभव_७७
माझाही सेम प्रॉब्लेम आहे. फक्त चित्र येतं आणि आवाज येत नाही. अर्जंट.

चिनार
किती इंची, किती जुना, आवाज टीव्हीचा की साउंडबारचा? आणि कृपया वेगळा धागा काढा.