संपात आमच्याकडे काय शिजत होतं

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बोनस, १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा, मान्यताप्राप्त युनियन, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, मालक, जमिनी या सगळ्यावर चाळीस वर्षं भांडून झालंय. गिरणगावातली काही घरं त्यावरून अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. ते इथे नको. मला आतल्या खोलीतलं ऐकायचंय. त्या दीड-दोन वर्षांत तुमच्याकडे काय शिजलं, काय विकलं, कुणी दिलं, कुणापासून लपवलं? आठवेल तसं लिहा, लहान-मोठं कसंही.

सुरुवात मी करते. लालबाग, तिसरा मजला, दहा बाय बाराची खोली, आम्ही सहा जण. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. मी नऊ वर्षांची. चाळीत कुणाकडे स्वयंपाक चाललाय हे वासाआधी आवाजावरून कळायचं, कारण सगळ्यांकडे पंपाचे स्टोव्ह. संध्याकाळी सात वाजले की गॅलरीभर नुसती घरघर. संपाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती घरघर विरळ व्हायला लागली. रेशनचं रॉकेल पुरायचं नाही, बाहेरचं परवडायचं नाही, म्हणून लोक दिवसातून एकदाच शिजवायचे. पण आपला स्टोव्ह गप्प आहे हे अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं, आणि आईला भुकेपेक्षा त्याचा घोर जास्त.

एक दिवस ती शेजारच्या काकूंना म्हणाली, "आमचा बर्नर बिघडलाय, तुमच्या स्टोव्हवर आधण ठेवू का?" काकू म्हणाल्या, "ठेव की." दुसऱ्या दिवशी रॉकेल आईने दिलं. आठवडाभरात एक दिवस तांदूळ आमचे, एक दिवस त्यांचे, असं आपोआपच ठरून गेलं. दोन घरं, अकरा माणसं, एक स्टोव्ह. आमचा बर्नर चौदा महिने बिघडलेला होता आणि तो दुरुस्त का करत नाही, असं चाळीत कुणी एकदाही विचारलं नाही.

खानावळवालीचा नातू

माझी आजी परळला खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे पाटी वगैरे काही नाही. आमचीच खोली, भिंतीला टेकून बसायचं, पाळीप्रमाणे तीन पंगती. तेरा मेंबर होते, सगळे सातारा-पाटणकडचे, एका गाळ्यात राहणारे. आजीला सगळे मावशी म्हणायचे.

फेब्रुवारीत त्यातले अकरा जण गावी गेले. "मावशी, मिटलं की देतो." आठ-पंधरा दिवसांत मिटेल असंच सगळ्यांना वाटत होतं, आजीलासुद्धा. त्यांचे महिन्याचे पैसे थकले, पण आजीने दाण्याच्या दुकानातून जे उधार उचललं होतं ते थकवून चालणार नव्हतं. शिवाय बँकेचा हप्ता. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, त्यामुळे खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज मिळायला लागलं. आजी त्याच्या एका गटात होती. गटात एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांची मान खाली जाणार. तो हप्ता तिने कानातले विकून भरला.

राहिले दोन मेंबर. त्यांना गावी शेत नव्हतं, घरही पडलेलं. त्यांच्याकडून काही मिळणार नाही हे माहीत असून आजी त्यांना एक वेळ वाढत राहिली. आजोबा चिडायचे. आजी म्हणायची, "जेवायला बसलेल्या माणसाला उठवायची कशी, ते तुम्ही करून दाखवा."

वही अजून आमच्याकडे आहे. तेरापैकी चौघांनी पुढे पैसे चुकते केले. पाचवा एकदा गावाहून गुळाची ढेप घेऊन आला, पैसे नाहीत म्हणाला. ती ढेप हिशेबात धरायची की पाहुणचारात, यावर आजी-आजोबांचं दोन दिवस वाजलं होतं. वहीत त्याच्या नावापुढे फक्त 'गूळ' लिहिलंय, आकडा नाही.

काळाचौकी

आमच्याकडची भांडी गेली. घंगाळ, दोन हंडे, परात, आणि शेवटी आईच्या लग्नातला पाण्याचा पिंप. वजनावर. भांड्यांवर नावं घातलेली असतात ना, आहेर कुणाचा, तारीख काय. आईने मोडवाल्यासमोर बसून हातोडीने प्रत्येक नाव ठोकून सपाट केलं. तो म्हणत होता, "ताई, वितळवायचंच आहे." तरी तिने केलं. आमचं नाव असलेला हंडा कुणी दुकानाबाहेर पाहिला असता तर!

रेशनची साखर त्या वर्षी आम्ही घरी आणलीच नाही. रांगेत उभं राहून घ्यायची आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला परस्पर द्यायची. चहा गुळाचा, तोही दूध फाटेल म्हणून कोराच, असं आई पाहुण्यांना सांगायची. दूध नव्हतंच.

वाण्याचा मुलगा

मी दुसऱ्या बाजूचा. वडिलांचं लालबागला किराणा दुकान होतं आणि संपात मी दहावी नापास होऊन गल्ल्याशेजारी बसलो होतो. त्यामुळे संप मला उधारीच्या वहीत दिसला.

पहिल्यांदा सुटलं ते अंगाचा साबण आणि केसांचं तेल. मग तूरडाळ जाऊन मसूर आली. कोलम गेला, कणी आली. मग किलोवरून पावकिलोवर, आणि पावसाळ्यात तर लोक रोजचं रोज न्यायला लागले. तेलासाठी घरून छोटी बाटली आणायची, तळ झाकेल एवढं. पावकिलोचं गिऱ्हाईक महिन्याच्या गिऱ्हाइकापेक्षा महाग घेतं हे सगळ्या दुकानदारांना ठाऊक असतं. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला माल महाग. हा न्याय आम्ही काही शोधून काढला नव्हता, पण त्यावर दुकान चालवलं हे खरं. उधारीचा भावही रोखीपेक्षा वेगळा होता. आमच्या बाबांची लोक आजही 'संपात सांभाळलं' म्हणून आठवण काढतात. मी ऐकून घेतो.

सगळ्यात वाईट म्हणजे चिठ्ठ्या. बाई स्वतः आली तर उधार मागताना चार शब्द बोलायची, बाबा दोन ऐकवायचे, मग द्यायचे. सातव्या-आठव्या महिन्यानंतर बायका यायच्या बंद झाल्या. मुलं यायची, हातात घडी घातलेला कागद. कागदावर 'अर्धा किलो कणी, मीठ, पैसे शनिवारी'. कुठला शनिवार ते कुणी लिहीत नसे. मुलगी दुकानात गर्दी असेपर्यंत बाजूला उभी राहायची, सगळे गेले की कागद पुढे करायची. एकदा बाबांनी एका पोरीला परत पाठवलं. दाणाबंदरच्या व्यापाऱ्याने आमचंच उधार बंद केलं होतं त्या आठवड्यात. ती काही बोलली नाही. कागदाची तीच घडी परत घातली आणि गेली. पुढच्या वेळेला लागेल म्हणून असेल.

राजापूरकडची

मे महिन्याच्या सुट्टीत मला आणि धाकट्या भावाला नेहमीसारखं गावी सोडलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तरी न्यायला कुणी आलं नाही. आम्ही दोन वर्षं तिथेच राहिलो.

आमच्या वाडीत दहा-बारा घरांची मुंबईहून मनीऑर्डर यायची. पोस्टमनला लांबून बघून आजी पदर सावरायची. संपात मनीऑर्डर थांबल्या आणि वर मुंबईची माणसं जेवायला आली. भात होता तो किती, तीन कुणग्यांचा, म्हणजे शेताच्या तीन छोट्या तुकड्यांचा. सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री भात नि कुळथाची पिठी. पावसात टाकळा, कुरडू, आणि जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या उकडून. सुकट संपली तर नुसतं सोलाचं सार.

उपाशी झोपलो असं मी म्हणणार नाही. पण चुलती वाढताना दुसऱ्यांदा विचारायची ती पद्धत बदलली. आधी म्हणायची, "घे गो अजून." मग म्हणायला लागली, "होया काय?" या दोन्हीत काय फरक आहे हे नऊ-दहा वर्षांच्या मुलालाही बरोबर कळतं. भाऊ तर पहिल्या आठवड्यातच 'नको' म्हणायला शिकला. आज तो चांगल्या हुद्द्यावर आहे, पण कुणाकडेही जेवायला गेला की एकदाच घेतो.

चुलतीला दोष नाही. तिची स्वतःची चार होती.

बदलीवाल्याची लेक

तुमचं सगळ्यांचं वाचून एक सांगावंसं वाटतं. संपाआधी तुमच्याकडे पगार होता. माझे वडील बदली कामगार. म्हणजे कायम माणूस गैरहजर असेल तरच काम. पाळीच्या वेळी बदली कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, नंबर लागला तर आत, नाही तर परत. महिन्याला कधी वीस दिवस भरायचे, कधी सात. आणि गिरण्यांमधून असे हजारो होते, ज्यांच्या जिवावर कायम लोक गणपतीला गावी जायचे.

डबा आई रोज भरून द्यायची. वडील अर्ध्या तासात परत आले तर तोच डबा आम्ही तिघं भावंडं खायचो. आम्हाला तर वडील परत आलेलेच बरे वाटायचे, लहान होतो.

संप झाला तेव्हा आई म्हणाली, "आता बरं, सगळ्यांचंच बंद." तिने धागे कापायचं काम आणलं, रेडिमेड कपड्यांचे, नगावर पैसे. वडील भिवंडीला गेले. गिरण्या बंद असताना कापड तिथल्या पॉवरलूमवर विणून घेतलं जात होतंच. बारा तासांची पाळी, झोपायचंही तिथेच मागांच्या बाजूला, मजुरी गिरणीच्या निम्मीसुद्धा नाही. पण रोज काम. आमच्या घरी संपातच पहिल्यांदा महिनाभर सलग स्वयंपाक झाला, हे मी आजवर चाळीत कुणाला सांगितलेलं नाही.

नाव नको

लिहू की नको यात तीन दिवस गेले. माझे वडील अकराव्या महिन्यात कामावर गेले. संप फोडला म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पोलिसांच्या गाडीतून आत जायचे, कधीकधी दोन-दोन दिवस आतच राहायचे. धाकट्या बहिणीला टायफॉइड झाला होता, आजीचं ऑपरेशन राहिलं होतं. कारणं सगळ्यांकडेच होती म्हणा.

पहिला पगार झाला त्या दिवशी आईने बांगडे आणले. पिशवीत तळाला बांगडे, वर कोथिंबीर. जिना चढताना कुणी विचारलं तर भाजी आहे म्हणायचं, असं आम्हाला बजावलं. घरी आल्यावर प्रश्न पडला की करायचे कसे? तळले तर वास चार खोल्यांपर्यंत जाणार. आणि चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. दार लावलं की दहा मिनिटांत कुणीतरी कडी वाजवतं, काय झालं विचारायला. आईने तिरफळं घालून, वर ताट झाकून, वातींच्या स्टोव्हवर अगदी मंद शिजवले. दार उघडंच. ती उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली, आत कुणी येऊ नये म्हणून.

कुणी आलंही नाही. वडील कामावर गेल्यापासून आमच्याकडे कुणी येत नव्हतं, हे ती विसरली असावी. आम्ही बांगडे खाल्ले. काटे कागदात गुंडाळून वडील रात्री स्टेशनच्या बाजूला टाकून आले. शेजारच्या मुलाला, माझ्याच वर्गातला तो, त्या महिन्यात शाळेत चक्कर आली होती.

डिलाईल रोड

वरच्यांबद्दल सहानुभूती आहे, पण त्यांच्यासारखे आत गेले म्हणून आमच्यासारखे बाहेर राहिले. माझ्या बापाने दीड वर्ष गेटवर काढलं आणि शेवटी त्याला घेतलंच नाही. बांगड्यांची गोष्ट मला वाचवली नाही.

धागाकर्ती

डिलाईल रोड, तुमचं म्हणणं काढून टाकणार नाही. पण वाद इथे वाढवू नका, दोघांनाही विनंती. तुमच्या घरचं लिहा ना.

डिलाईल रोड

घरचं काय लिहू. वडील आधी दादरला भाजीच्या पाट्या उचलायचे. संध्याकाळी येताना गाळलेली भाजी आणायचे, सडकी बाजू काढून आई करायची. कोबी. आजपण मी कोबी खात नाही. बास.

धागाकर्ती

काल रविवारी आईकडे गेले होते. आता ब्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण वाचून दाखवलं ते सगळं नीट ऐकलं. वहीतल्या गुळाला हसली. बांगड्यांपाशी म्हणाली, "त्या पोराची आई पण चुकली. मागायला जायचं होतं." कुठल्या पोराची, ते मी विचारलं नाही.

मग स्वतःचंच आलं, स्टोव्हचं. ते ऐकून ती वैतागलीच.

"काहीतरी काय लिहितेस! बर्नर खरंच बिघडला होता."

मी म्हटलं, "आई, चौदा महिने?"

"मग? नवा आणायला पैसे होते कुठे?"